एकाच पिकावरचा संसार : गुलाबी बोंडअळीच्या अभ्यासाची प्रस्तावना

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या कापूस उत्पादकाला गुलाबी बोंडअळीची ओळख करून द्यावी लागत नाही. तिच्या पतंगाची मात्र करून द्यावी लागते. अळी सगळ्यांनी पाहिलेली असते, कारण बोंड फोडले की ती समोर येते. पतंग पाहिलेले लोक फार थोडे. तो रात्री उडतो, दिवसा मातीच्या भेगांत किंवा पाल्याखाली दडून बसतो. बसलेला असताना त्याची लांबी जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर भरते. रंग करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर गडद पट्टे, मागच्या पंखांना केसाळ झालर. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पाखरांत तो असला तरी कुणाचे लक्ष जाणार नाही. राज्यातल्या चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास पसरलेल्या पिकाचा हिशेब हा एवढासा जीव बिघडवतो. त्याच्या आयुष्याची नीट, सलग आणि मराठीत मांडणी व्हावी, म्हणून हे पुस्तक तयार झाले आहे.

शास्त्रज्ञ त्याला पेक्टिनोफोरा गॉसिपिएला म्हणतात. विज्ञानाला त्याची पहिली ओळख झाली ती आपल्या शेजारच्या भडोचहून. तिथल्या सरकारी कापूस लागवडीत नुकसान करणाऱ्या अळीचे नमुने इंग्लंडला गेले आणि डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी 1843 मध्ये तिचे वर्णन केले. आज वापरात असलेले प्रजातीकुलाचे नाव ऑगस्ट बस्क यांनी 1917 मध्ये दिले. पहिले नमुने भारतातले असल्यामुळे ही कीड मूळची भारतीयच, असे बराच काळ गृहीत धरले गेले. पुढे ऑस्ट्रेलियातले पतंगतज्ज्ञ आय. एफ. बी. कॉमन यांनी तिच्या सख्ख्या नात्यातल्या जाती ऑस्ट्रेलियात सापडतात याकडे लक्ष वेधले. तिचे मूळ घर ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाच्या पट्ट्यात असावे, असा पक्ष त्यातून उभा राहिला. वाद पूर्ण मिटलेला नाही. माझा कल कॉमन यांच्या बाजूने आहे, कारण जिथे नातलग जास्त तिथे घराणे जुने, हा तर्क कीटकांच्या बाबतीत सहसा चुकत नाही.

ती जगभर कशी पसरली याबद्दल मात्र वाद नाही. ती सरकीतून गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तला पोहोचली, इजिप्तच्या बियाण्यातून 1911 मध्ये मेक्सिकोत आणि तिथून 1917 मध्ये टेक्सासला. पतंगाच्या पंखांत समुद्र ओलांडण्याचे बळ नाही. माणसानेच त्याला पोत्यात बांधून नेले. ज्या गुणामुळे हे शक्य झाले, त्याच गुणाभोवती या किडीचे सगळे चरित्र फिरते, म्हणून तिच्या जीवनक्रमाकडे आधी नीट पाहू.

मादी सहसा शंभर ते दोनशे अंडी घालते. कधी एकेक, कधी पाच-दहाच्या पुंजक्यात. अंडे अर्धा मिलिमीटरचे, चपटे, मोत्यासारखे पांढरे आणि उबण्याच्या आधी नारिंगीकडे झुकणारे. हंगामाच्या सुरुवातीला ते पात्यांवर आणि शेंड्याजवळ असते. बोंडे लागली की हिरव्या बोंडाच्या बुडाशी, पुष्पकोशाच्या आतल्या बाजूला. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि काही तासांच्या आत फुलात किंवा बोंडात शिरते. फवारणीचे सगळे अर्थशास्त्र या काही तासांवर उभे आहे. हिरवी बोंडअळी एका बोंडातून दुसऱ्या बोंडावर फिरते, तिच्यावर औषध पडू शकते. गुलाबी अळी एकदा आत गेली की बाहेर कितीही फवारा मारा, तिला त्याचा पत्ता लागत नाही.

ती फुलात शिरली तर पाकळ्या आतून रेशमी धाग्याने शिवून टाकते. फूल उमलत नाही, टोकाशी पिळवटल्यासारखे गुलाबाच्या कळीगत मिटून राहते. हीच डोमकळी. कापसाच्या फडातून चालताना अशी कळी दिसली तर तोडून उघडावी. आत परागकण खात बसलेली फिकट अळी सापडते. बोंडात शिरली तर शोधणे अवघड, कारण शिरताना पाडलेले छिद्र बोंड वाढते तसे बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टणक, निरोगी दिसते. ते चिरले की कवचाच्या आतल्या बाजूला बारीक फोड किंवा नागमोडी रेघ दिसते. कोवळ्या रुईत पिवळट डाग असतो आणि सरकीला छिद्र. अळीला खरी गोडी सरकीची, रुई तिच्या वाटेत येते म्हणून नासते. एका कप्प्यातल्या सरक्या संपल्या की मधला पडदा पोखरून ती शेजारच्या कप्प्यात जाते. पडद्यातले ते गोल भोक ही तिची हमखास खूण. लहानपणी ती पांढरट असते, तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत तिला गुलाबी झाक येते. दहा ते चौदा दिवसांत पूर्ण वाढून ती कवचाला गोल छिद्र पाडते, बाहेर पडते आणि जमिनीवरच्या पाल्यात किंवा मातीत कोषात जाते. आठ-दहा दिवसांनी पतंग. साधारण महिन्याभरात एक पिढी, हंगामात चार ते सहा. मागे उरते ते अर्धवट उमललेले बोंड आणि वेचणीच्या वेळी बाजूला काढावी लागणारी कवडी.

इथपर्यंतचा क्रम इतर अनेक किडींसारखाच आहे. वेगळेपण थंडीत सुरू होते. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या आणि बोंडातली सरकी तेलाने भरू लागली की पूर्ण वाढलेल्या काही अळ्या कोषात जातच नाहीत. दोन सरक्या रेशमाने एकमेकींना जोडून त्या पोकळीत अंगाभोवती दाट वेष्टन विणतात आणि खाणेपिणे बंद करून पडून राहतात. याला सुप्तावस्था म्हणतात. ही झोप काही महिन्यांची असते, परिस्थिती तशीच असली तर दोन वर्षांवरही जाते. शेतात राहिलेल्या बोंडांत, घराशेजारी सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांत, जिनिंगच्या आवारातल्या सरकीच्या ढिगात ती अशी पडून असते. पाऊस येतो, हवेत ओल येते, आणि पतंग बाहेर पडू लागतात. इजिप्तला आणि टेक्सासला गेलेली हीच झोपलेली अळी होती.

आता यजमान वनस्पती. जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर या किडीच्या नावावर सत्तरच्या आसपास वनस्पती निघतात, बहुतेक कापसाच्याच कुळातल्या. भेंडी, अंबाडी, रानभेंडी, बांधावरची पेटारी, बागेतला हॉलिहॉक, किनाऱ्यालगतचा पारोसा पिंपळ. यादी वाचून नवखा अभ्यासक घाबरतो, ही कीड सगळीकडे आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात नोंद होणे वेगळे आणि पिढ्यानपिढ्या तग धरणे वेगळे. भेंडीच्या शेंगेत अळी सापडते, पण पतंगांची मोठी फौज भेंडीवर तयार होत नाही. या कीटकाचा खरा संसार कपाशीवरच चालतो.

या एका वाक्यातून गेल्या पंचवीस वर्षांचा बराचसा इतिहास समजतो. या पुस्तकाचा कणाही तेच वाक्य आहे.

मार्च 2002 मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा शत्रू क्रमांक एक होती हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी. मातीतल्या एका जिवाणूचे विष तयार करणारे जनुक कपाशीत घातले की अळी पान-बोंड खाऊन मरते, ही कल्पना. 2006 मध्ये दोन विषांचे वाण आले, बोलगार्ड दोन. काही वर्षांत राज्यातली जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. हिरव्या अळीसाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, ते श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, ज्वारीचे कणीस, काय वाटेल ते खाते. तिची मोठी प्रजा बीटीच्या विषाशी संबंध न येता या पिकांवर वाढते. कपाशीवर एखादी विष पचवणारी अळी निपजली तरी तिच्या पतंगाची गाठ हरभऱ्यावरून आलेल्या साध्या पतंगाशी पडते आणि प्रतिकाराचा गुण पातळ होत जातो. गुलाबी अळीला हरभरा नाही, तूर नाही. शिवारात कपाशी, आणि सगळी कपाशी बीटी. साधे, विषाला बळी पडणारे पतंग येणार कुठून? ते यावेत म्हणून बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणे दिले जात होते. शेताच्या कडेने ते लावायचे होते. बहुतेकांनी लावले नाही. याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला मान्य नाही. चार-पाच एकरांच्या कोरडवाहू शेतात अळीसाठी मुद्दाम तास सोडायला सांगायचे तर त्यामागचे कारण पटवून द्यावे लागते. ते कारण पतंगाच्या आहारात आहे, आणि तो आहार कुणी समजावून सांगितला नाही.

2010 मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या विषाला जुमानत नसल्याचे खुद्द मोन्सॅन्टो कंपनीने जाहीर केले. पाच-सहा वर्षांत दुसरे विषही निकामी ठरले. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे उघडून पाहणाऱ्यांना ती पोखरलेली सापडू लागली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या मृत्यूंची कारणे गुंतागुंतीची आहेत, एकट्या गुलाबी अळीच्या खात्यावर ती टाकता येत नाहीत. पण बियाण्यावरचा भरवसा ढळला की माणूस फवारा पाठीला लावतो, हे त्या वर्षी दिसले. पुढच्या काही वर्षांत ही अळी हरियाणा आणि पंजाबच्या कापूस पट्ट्यातही पोहोचली.

या किडीचा अभ्यास करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ पडतात. आपल्याकडचा वाद समजायला ते माहीत हवेत.

पहिला पंथ शेतातल्या निरीक्षकांचा. अंडी कुठे घातली जातात, अळी किती दिवसांची, झोप कधी लागते आणि कधी मोडते, हे सगळे त्यांनी बोंडे चिरून, सरकी मोजून नोंदले. इजिप्तमध्ये सरकी उष्णतेतून काढणे जिनिंगला सक्तीचे झाले, अमेरिकेत ठरावीक तारखेच्या आत पऱ्हाट्या गाडण्याचे कायदे आले, ते याच नोंदींच्या बळावर. या मंडळींची नावे फारशी घेतली जात नाहीत. माझ्या मते सर्वात टिकाऊ काम त्यांचेच आहे.

दुसरा पंथ रसायनांचा. मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याची खरी घडण 1973 मध्ये उलगडली. दोन जवळजवळ सारख्या रेणूंचे समसमान मिश्रण. त्याला गॉसिप्लूर नाव मिळाले आणि कामगंध सापळा हाती आला. आज हेक्टरी पाच सापळे लावून सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले की सावध व्हावे, हा जो नियम कृषी विभाग सांगतो तो या शोधाचे फळ. त्याच गंधाच्या दोऱ्या झाडांना बांधून सगळ्या शिवारात गंध पसरवायचा, म्हणजे नराला मादीचा माग लागत नाही, हा पुढचा टप्पा. पतंग मारण्यापेक्षा त्यांची गाठच पडू न देणे. मला हा मार्ग फार आशेचा वाटतो, पण एकट्या-दुकट्या शेतात तो चालत नाही. शेजारच्या रानातून फलित मादी येणारच. गाव एकत्र आले तरच उपयोग.

तिसरा पंथ जनुकांचा. अळीच्या आतड्यात बीटीचे विष ज्या प्रथिनांना चिकटते त्यांत बदल झाला की विष निष्प्रभ होते. पहिल्या विषासाठी कॅडहेरिन आणि दुसऱ्यासाठी एक वाहक प्रथिन, हे या लोकांनी दाखवून दिले. भारतापुरता एक खास प्रश्नही त्यांच्यासमोर आहे. जगात कापसाचे बहुतेक देश सरळ वाण लावतात, आपण संकरित. व्यापारी संकराची सुरुवातच आपल्याकडे 1970 मध्ये सी. टी. पटेल यांच्या एच-4 ने झाली. संकरित बीटी झाडाच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या नसतात. काहींत दोन्ही विषे, काहींत एक, सोळांतल्या एकीत एकही नाही. सरकीवरून सरकीवर जाणाऱ्या अळीला विषाची अशी कमी-जास्त मात्रा मिळत राहिली तर प्रतिकाराची निवड वेगाने होते, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी वारंवार मांडले. उलट चीनमध्ये संकराच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे लावल्याने दर चार झाडांत एक झाड नॉन-बीटी निघाले आणि प्रतिकार मागे हटला, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मिसळ बोंडात व्हावी की शेतात, यावर एकमत नाही. या पुस्तकात दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

हे तिन्ही पंथ एकत्र नांदले की काय होते ते अमेरिकेत दिसले. ॲरिझोनात 1996 पासून बीटी कापूस होता आणि दहा वर्षे नॉन-बीटीचे पट्टे नेमाने सांभाळले गेले. बीटीचा प्रभाव टिकून राहिला. मग 2006 पासून फीनिक्सच्या केंद्रात वाढवलेले, किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग विमानातून कोट्यवधींनी सोडले गेले. ओळख पटावी म्हणून अळ्यांना खाद्यातून लाल रंग दिलेला असे. जोडीला गंधाच्या दोऱ्या होत्या, पऱ्हाट्या गाडणे होते. 2018 मध्ये अमेरिकेने ही कीड देशातल्या कापूस क्षेत्रातून उखडल्याचे जाहीर केले. आपल्याकडे हे जसेच्या तसे होणार नाही. लाखो छोटी शेते, बहुतांश कोरडवाहू, संकरित वाण. तरी त्यातले एक सूत्र आपल्यालाही लागू पडते : किडीला वर्षातून काही महिने यजमानाशिवाय ठेवा.

आपण नेमके उलटे केले. पाण्याची सोय आहे म्हणून मे महिन्यातच लागवड केली, तेव्हा जून-जुलैत झोपेतून उठलेल्या पतंगांना पाती तयार मिळाली. लागवड जूनच्या पावसावर झाली असती तर त्यातले बरेच पतंग अंडी घालायला जागा न मिळून तसेच संपले असते. आठवडा-दोन आठवडे एवढेच त्यांचे आयुष्य. महाराष्ट्रात 1 जूनपूर्वी बियाणे विकायला मनाई का केली गेली होती, याचे उत्तर यात आहे. दुसऱ्या टोकाला भाव बरा आहे, आणखी दोन क्विंटल निघतील, या आशेने पऱ्हाटीला पाणी देऊन फरदड घेतली. डिसेंबरनंतरची ती बोंडे म्हणजे सुप्तावस्थेत जाणाऱ्या अळ्यांचे कोठार. फरदडीतून हाती आलेले पैसे आणि पुढच्या वर्षीचे नुकसान यांची बेरीज-वजाबाकी प्रत्येकाने आपल्या शेतापुरती मांडून पाहावी. मांडायची कशी, तेही पुस्तकात दिले आहे.

म्हणून या पुस्तकाची रचना औषधांच्या नावांवर बेतलेली नाही, पतंगाच्या वर्षावर बेतली आहे. शेत मोकळे असते त्या महिन्यांना यात सर्वाधिक जागा मिळाली आहे आणि फवारणीला सर्वांत कमी. ट्रायकोग्रामाच्या कुळातले मित्रकीटक, निंबोळी अर्क, सापळे, कमी दिवसांचे वाण, देशी कपाशी यांचा विचार त्या-त्या वेळी येतो, पण प्रत्येक उपायासमोर एकच प्रश्न ठेवला आहे : तो किडीच्या आयुष्यातल्या कुठल्या दिवसावर घाव घालतो? ज्याला उत्तर नाही तो उपाय गाळला आहे. काही वाचकांना हे कडक वाटेल. दुकानदाराने दिलेल्या बाटल्यांवर झालेला खर्च पाहता मला ते योग्य वाटते.

एक उणीव सांगून ठेवतो. आपल्या बांधावरच्या रानवनस्पतींवर ही अळी कोणत्या महिन्यात, किती प्रमाणात सापडते, याची गावपातळीवरची मराठी नोंद फारच तुटपुंजी आहे. पुस्तकाच्या शेवटी कोऱ्या नोंदपानांचा भाग त्यासाठीच जोडला आहे. कृषी महाविद्यालयांतले विद्यार्थी, शाळांतले विज्ञान शिक्षक, स्वतः शेतकरी यांनी तो भरावा. पेटारीच्या फळात, अंबाडीच्या बोंडात अळी मिळाली तर तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव एवढे लिहिले तरी पुष्कळ.

आणि वाचकांना एक विनंती. हे पुस्तक जूनमध्ये पेरणीच्या घाईत उघडू नका. डिसेंबरात, शेवटच्या वेचणीआधी वाचा. त्या आठवड्यात आपल्या शेतातून वीस हिरवी बोंडे तोडा, घरी आणून चाकूने उभी चिरा आणि किती बोंडांत जिवंत अळी आहे ते मोजा. दोन किंवा अधिक निघाली तर पऱ्हाटीला पुढचे पाणी देऊ नका. ती उपटा, गुरे-शेळ्या चरू द्या, पऱ्हाट्या घराशेजारी न रचता बारीक करून खतात घाला, आणि शेजाऱ्यालाही त्याची वीस बोंडे चिरायला सांगा.